आठवड्यातले दीड तास: गोव्यात दिव्यांग मुलाच्या घराला मदत कुठून आणि कशी मिळते

दोन वर्षांचं मूल हाक मारली तरी वळून बघत नसेल, तर आपल्याकडच्या घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "त्याचा बापूसही उशिराच बोलला." दुसरं असतं, "मुलगे उशिराच बोलतात." तिसरं वाक्य कानावर पडायला कधी कधी वर्ष-दीड वर्ष जातं, आणि ते बहुतेक वेळा बालवाडीच्या बाईंचं असतं: "एकदा डॉक्टरना दाखवून घ्या." तिथून घराची धावपळ सुरू होते. गोमेकॉ (बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज), जिल्हा इस्पितळ, एखादी संस्था, पंचायत, पुन्हा गोमेकॉ. कुठे काय मिळतं, कुठे मिळत नाही आणि कशासाठी थांबायचं नाही, हे सगळं एकत्र बसून सांगणारा माणूस मात्र भेटत नाही.

सुरुवात एका साध्या हिशेबाने करू. थेरपी केंद्रात मुलाला आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी पाऊण तास मिळाला, तर आठवड्याला दीड तास झाला. गोव्यातल्या पुष्कळ कुटुंबांना तेवढाही मिळत नाही. आठवड्यात तास असतात 168. म्हणजे उरलेले साडेएकशे सहासष्ट तास मूल घरात, अंगणात, आजीच्या मांडीवर, मोबाइलसमोर किंवा झोपेत घालवतं. दिव्यांग मुलांसाठी काम करणारी संस्था चांगली की नुसती दिसायला चांगली, हे ओळखायची माझी कसोटी याच हिशेबातून येते. ती संस्था दीड तासाचं काम करते की त्या उरलेल्या तासांचंही?

थांबायचं नाही ते कशासाठी

बाळ चार महिन्यांचं होऊनही मान धरत नाही, नऊ महिन्यांचं होऊनही आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचं झालं तरी बोट दाखवत नाही आणि बडबडत नाही, दीड वर्षाचं होऊन चालत नाही, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नाही, यातलं काहीही दिसलं तर तपासणी करून घ्यावी. बोलू लागलेलं मूल एकदम बोलायचं थांबलं, नजर चुकवू लागलं, तर त्याच आठवड्यात जावं. यातलं एखादं लक्षण असूनही मूल पुढे व्यवस्थित वाढतं, असंही होतं. तपासून काही निघालं नाही तर एक दिवस वाया गेला, इतकंच.

भाषेबद्दल शंका असेल तर पहिली तपासणी कानांची. हे इतकं साधं असूनही राहून जातं, कारण दारावर थाप मारली की मूल दचकतं आणि घरच्यांना वाटतं त्याला ऐकू येतं. मोठा आवाज ऐकू येणारं मूल "स" आणि "श" ऐकत नसेल, तर त्याला बोलणं कसं कळणार? नवजात बाळांसाठी डॉक्टर 1-3-6 असा ठोकताळा वापरतात: पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा उपचार सुरू.

सरकारी बाजूने यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, 2013 पासून. जन्मजात दोष, पोषणातली उणीव, बालपणीचे आजार आणि विकासातली दिरंगाई अशा चार गोष्टी तो जन्मापासून 18 वर्षांपर्यंत शोधतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा पथकाने तपासणी करावी, अशी त्याची रचना आहे. शंका आलेल्या मुलाला पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं असतं. अंगणवाडीत पथक येणार असेल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, "आज रडतंय, राहू दे" म्हणून तर नकोच.

आणि निदानाचं पक्कं नाव मिळेपर्यंत थेरपीसाठी थांबायचं कारण नाही. स्वमग्नता (ऑटिझम) आहे की नाही हे ठरायला काही महिने लागू शकतात, पण मूल बोट दाखवत नाही ही गोष्ट आजच समोर आहे आणि तिच्यावर काम आजच सुरू करता येतं. पहिल्या काही वर्षांत मेंदू सर्वांत वेगाने नवी जोडणी करत असतो, म्हणून लवकर सुरू केलेल्या कामाचं मोल जास्त. कागद मागून येतील.

थेरपी म्हणजे खोलीत नेमकं काय चालतं

फिजिओथेरपिस्ट शरीराची मोठी हालचाल बघतो: मान, पाठ, बसणं, उभं राहणं, स्नायूंचा ताठरपणा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोजची कामं आणि इंद्रियांचं भान बघतो: बटण लावणं, चमचा धरणं, आवाज किंवा स्पर्श सहन होणं. स्पीच थेरपिस्ट नुसते उच्चार बघत नाही, गिळणं, चावणं आणि शब्दांशिवाय काहीतरी मागणंही त्याच्याच कामात येतं. विशेष शिक्षक अभ्यास लहान लहान पायऱ्यांत तोडून शिकवतो. विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट अशा व्यावसायिकांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, 1992 च्या कायद्याने. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये. खरी नोंद असलेला माणूस हसत हसत देतो.

बाहेरून पाहिलं तर या खोलीत खेळच चाललेला दिसतो. बाहेर बाकावर बसलेल्या बापाला वाटतं, एवढ्यासाठी पेडण्याहून पर्वरीला आलो? पण त्या खेळामागे एक युक्ती असते, आणि ती युक्ती घरी नेता आली तरच प्रवासाचे पैसे वसूल होतात.

उदाहरण घेऊ. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो. तीन वर्षांची मुलगी, न बोलणारी, भोंगा ऐकून दाराकडे धावते. आई पाव घेते, तुकडा तोडून तिच्या हातात देते, काम संपलं. थेरपिस्ट या आईला शिकवेल: पाव घे, पण लगेच देऊ नकोस. एका हातात पाव, दुसऱ्या हातात पोळी धर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला बस आणि दहा सेकंद गप्प राहा. मुलगी पावाकडे बघेल, हात पुढे करेल किंवा "प" असा आवाज काढेल. यातलं काहीही झालं की "पाव! पाव हवा!" म्हणून ताबडतोब दे. रोज सकाळी हे घडलं तर महिन्यात तीस वेळा झालं, एका पैशाचा खर्च न होता. पेज भरवताना, न्हाणीघरात, तुळशीला पाणी घालताना असे शंभर प्रसंग निघतात. अवघड काय असतं तर ते दहा सेकंद. आईला घाई असते, सासूबाईंना दया येते, आणि मुलीला न मागताच सगळं मिळतं.

इथे दोन गैरसमज हमखास आडवे येतात. पहिला असा की चित्रांची कार्डं दाखवून मागायला शिकवलं तर मूल आळशी होईल आणि बोलणारच नाही. आजवरचा अभ्यास उलट सांगतो. चित्रं, खुणा किंवा टॅबलेटवरचं बोलकं ॲप वापरल्याने बोलणं अडत नाही, बऱ्याच मुलांत वाढतं.

दुसरा गैरसमज खास आपल्या गोव्याचा म्हणावा लागेल. घरात कोंकणी, आजोबा मराठी वाचून दाखवतात, शाळा इंग्रजी, शेजारी हिंदी. मूल बोलत नाही म्हटल्यावर कोणीतरी सल्ला देतं: "एकच भाषा ठेवा, इंग्रजी ठेवा." आणि मग आयुष्यात कधी इंग्रजीत भांडण न केलेली आई मुलाशी "कम हिअर, सिट डाउन" एवढ्यावर संसार करू लागते. तिचं बोलणं आटतं, गाणी आटतात, आजी तर गप्पच होते. दोन भाषांमुळे स्वमग्नता वाढते किंवा भाषा खुंटते याला पुरावा नाही. ज्या भाषेत आई मनमोकळं बोलते ती भाषा मुलाला सर्वांत जास्त मिळायला हवी. थेरपिस्टला ती येत नसेल तर त्याने दोन-चार शब्द शिकून घ्यावेत, घराने आपली भाषा टाकू नये.

कोण काय करतं

गोव्यात या कामाची रचना मिश्र आहे. पर्वरीचं संजय सेंटर फॉर स्पेशल एज्युकेशन, जुनं नाव संजय स्कूल, सरकारच्या आधाराने चालणारं. ढवळी-फोंड्याचं लोकविश्वास प्रतिष्ठान अंध, कर्णबधिर आणि बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी शाळा चालवतं. फोंडा तालुक्यातल्या मराठी घरांत हे नाव सहसा सर्वांत आधी निघतं. डिचोलीत केशव सेवा साधना. जुन्या गोव्यात कारितासची सेंट झेवियर्स ॲकॅडमी. सेतू ही धर्मादाय संस्था मुलांचा विकास आणि कुटुंबाला मार्गदर्शन या दोन्हींवर काम करते, म्हणजे मुलाबरोबर आईवडिलांनाही समोर बसवते. मंदिराच्या वळणाची, चर्चच्या वळणाची आणि डॉक्टरांनी उभी केलेली अशा तिन्ही परंपरा या छोट्या राज्यात शेजारी शेजारी नांदतात. पालक मात्र जातात ते अंतर बघून, धर्म बघून नाही.

त्यांचा पैसा कुठून येतो हे समजलं की त्यांच्या अडचणीही समजतात. मान्यताप्राप्त विशेष शाळांच्या शिक्षकांच्या पगाराला सरकारी अनुदान मिळतं. केंद्राची दीनदयाळ दिव्यांगजन पुनर्वसन योजना काही संस्थांना प्रकल्पासाठी पैसे देते. पण अनुदान येतं ते मंजूर पदांसाठी आणि वर्गात बसलेल्या मुलांसाठी. घरभेटी, पालकांची सत्रं, दीड वर्षाचं बाळ घेऊन आलेल्या आईला दिलेला तास, वाहनाचं डिझेल, या गोष्टी अनुदानाच्या चौकटीत नीट बसत नाहीत. त्या देणगीवर चालतात. नेमक्या याच गोष्टी उरलेल्या साडेएकशे सहासष्ट तासांच्या कामाच्या आहेत.

डिझेलचा उल्लेख मी उगाच केला नाही. थेरपिस्ट पणजी, म्हापसा, मडगाव या पट्ट्यात एकवटलेले आहेत. सत्तरीच्या आतल्या गावातून किंवा काणकोणच्या टोकाकडून यायचं म्हणजे आठ वर्षांचं, चालू न शकणारं मूल कडेवर घेऊन बसची उंच पायरी चढायची, एकदा बदलायची, पावसात तर बोलायलाच नको. मूल लहान असताना आई हे करते. ते वीस किलोचं झालं की येणं महिन्यातून एकदावर येतं, मग बंद होतं. नोंदीत "पालकांचा प्रतिसाद नाही" असं लिहिलं जातं. प्रतिसाद होता, पाठ राहिली नव्हती. संस्थेची एक गाडी तालुक्यात आठवड्यातून एक दिवस फिरली तर एखाद्या नव्या इमारतीपेक्षा जास्त मुलांपर्यंत मदत पोचते, असं माझं मत आहे. फक्त गाडीवर कोनशिला बसवता येत नाही.

कागद

2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2017 च्या एप्रिलपासून लागू झाला. आधीच्या 1995 च्या कायद्यात दिव्यांगतेचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया असे प्रकार नव्याने आले. बहुतेक लाभांसाठी 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगता लागते.

प्रमाणपत्रासाठी केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी इस्पितळातल्या ठरलेल्या तज्ज्ञांसमोर जायचं. त्यातून देशभर चालणारं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगतेचं ओळखपत्र, मिळतं. बौद्धिक किंवा वर्तनविषयक चाचण्यांसाठी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेचं नाव निघालं की काही घरं बिचकतात. "तिथे? लोक काय म्हणतील?" तिथे मानसशास्त्रज्ञ आहेत आणि चाचण्या त्यांनाच करता येतात, एवढंच कारण आहे. लहान मुलाचं प्रमाणपत्र बऱ्याचदा ठराविक मुदतीचं असतं, कारण मूल बदलत असतं. मुदत संपायच्या तीन महिने आधी हालचाल करा, नाहीतर त्यावर टेकलेली प्रत्येक मदत एकाच महिन्यात थांबते.

टक्केवारीबद्दल एक शब्द. 50 टक्के लिहिलं म्हणजे मूल अर्धंच शिकेल असा त्याचा अर्थ नाही. तो लाभ ठरवण्याचा आकडा आहे, त्याचा मुलाच्या भवितव्याशी संबंध जोडू नये.

या कागदावर काय मिळतं? कायद्याच्या कलम 31 नुसार 40 टक्क्यांवरच्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. "आमच्याकडे असल्या मुलांची सोय नाही" असं सांगून सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेला हात झटकता येत नाहीत. गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत दिव्यांगांना दरमहा अर्थसाहाय्य आहे. आयकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग अपत्य सांभाळणाऱ्या पालकाला वर्षाला 75,000 रुपयांची आणि दिव्यांगता 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000 रुपयांची वजावट मिळत आली आहे. आई किंवा वडील जुन्या पेन्शन नियमांखालचे सरकारी नोकर असतील तर स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला त्यांच्या पश्चात आयुष्यभर कौटुंबिक पेन्शन मिळू शकतं. गोव्यात घरटी एक सरकारी नोकर सापडतो, तरी मुलाचं नाव नोकरीत असतानाच कार्यालयात नोंदवून ठेवणारे थोडे.

आता विमा, कारण इथे गोंधळ फार होतो. राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचं संरक्षण देते, पण ती इस्पितळात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या थेरपीला तिचा उपयोग नाही. थेरपीसाठी बघायची ती निरामय योजना, राष्ट्रीय न्यास या केंद्राच्या संस्थेची. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा), बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता या चार गटांसाठी वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. तपासणीची अट नाही, आधीपासूनचा आजार म्हणून नकार नाही, आणि बाह्यरुग्ण खर्च व थेरपी दोन्ही त्यात येतात, प्रत्येकाला वेगळी मर्यादा ठेवून. नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते. पैसे आधी आपल्या खिशातून जातात आणि मग परत मिळतात, तेव्हा प्रत्येक सत्राची पावती, सही-शिक्क्यासह, एका फाइलमध्ये. चांगली संस्था वर्षाच्या अखेरीस ही फाइल लावून देते. तसं कोणी करत असेल तर त्याला मी थेरपीइतकंच मोलाचं काम मानतो.

आई, आजी आणि धाकटा भाऊ

संस्थांच्या पत्रकांवर मुलांचे हसरे फोटो असतात, आईचा नसतो. पण मोडते ती आधी आई. नोकरी सुटलेली, रात्रीची झोप तुटक, लग्नाकार्याला जाणं बंद, आणि वर "गरोदरपणात काहीतरी खाल्लं असेल" हे ऐकून घ्यायचं. सेरेब्रल पाल्सी असो की स्वमग्नता, ग्रहणात विळी हाताळल्याने यातलं काही होत नाही. हे वाक्य डॉक्टरने सासूसमोर, मोठ्याने, एकदा म्हणावं. घराचं वातावरण बदलायला कधी कधी तेवढं पुरतं.

कुटुंबाला देता येणारी सर्वांत दुर्लक्षित सेवा म्हणजे विसावा. महिन्यातून एखादा दिवस, वर्षातून काही रात्री, मूल विश्वासाच्या जागी आणि आई मोकळी. राष्ट्रीय न्यासाच्या समर्थ योजनेची कल्पनाच अशी अल्पकालीन निवासाची आहे. आपल्याकडे "मूल दुसऱ्याकडे टाकून ही फिरते" असं म्हणायला लोक टपलेले असतात, म्हणून सोय असली तरी आया ती मागत नाहीत. ज्या संस्थेत कोणीतरी त्यांना आपणहून विचारतं, तिथे त्या येतात.

पालकांचे गट हा दुसरा आधार. डायपर कुठला टिकतो, कुठल्या दंतवैद्याकडे मूल तोंड उघडतं, अर्जाचा कुठला कागद नेहमी कमी पडतो, ही माहिती कुठल्याही तज्ज्ञाकडे नसते. ती दुसऱ्या आईकडे असते, फोनमध्ये.

चतुर्थीचं बघा. मूळ घरी तीस माणसं, गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी, फटाके, आणि संध्याकाळी घुमट या मातीच्या वाद्यावरची घुमट आरती. तुम्हाआम्हाला अंगावर काटा येतो, आणि त्याच आवाजाने स्वमग्न मुलाच्या कानात सुया टोचल्यासारखं होतं. तो किंचाळतो, मग "देवासमोर असं करतो" म्हणून कुजबुज. कुटुंबासोबत काम करणारा थेरपिस्ट श्रावणातच तयारी सुरू करून देतो: घुमटाचा आवाज आधी फोनवर हळू ऐकवायचा, रोज थोडा वाढवायचा, कान झाकायचे हेडफोन घ्यायचे, आरती चालू असताना मुलाने माडीवर काकासोबत बसायचं हे आधीच ठरवायचं, आणि मूळ घरच्या थोरल्यांना दोन वाक्यांत समजावून ठेवायचं. मग ते मूल पाच मिनिटं येऊन पंचखाद्य खाऊन जातं. हे कुठल्याही प्रगतिपुस्तकात बसत नाही.

धाकट्या भावंडांचा विषय मोठा आहे. इथे एवढंच, की त्यांनाही वर्षातून एक दिवस असा मिळावा ज्या दिवशी आईवडील पूर्णपणे त्यांचे असतील.

राज्य दिव्यांगजन आयुक्तालय आणि समाजकल्याण खात्याच्या पुढाकाराने 2023 च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला आणि त्यानंतर तो मोठा होत गेला. त्याने एक गोष्ट नक्की केली: व्हीलचेअरवरची मुलं मांडवीच्या काठावर, गर्दीत, मजा करताना लोकांनी पाहिली. पूर्वी ती आतल्या खोलीत असत. पण फेस्टमधला समुद्रापर्यंत जाणारा रॅम्प आणि धारबांदोड्यातल्या अंगणवाडीची पायरी यांच्यातलं अंतर अजून बाकी आहे, आणि ते मोजायचं काम वर्षाच्या उरलेल्या दिवसांत करावं लागेल.

अठरा पूर्ण झाल्यावर

"आमच्यामागे याचं कसं होणार?" हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो आणि बहुतेकजण उत्तर पुढे ढकलतात. त्यातले दोन भाग कागदाने सोडवता येतात.

पहिला पालकत्वाचा. अठरा वर्षं झाली की कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान, मग आईला त्याच्या नावाचं बँक खातंही आपोआप चालवता येत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार वर सांगितलेल्या चार गटांतल्या व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीला आहे. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात, सोबत नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची गरज त्यामुळे टळते. सतराव्या वर्षी कागद गोळा करायला घ्यावेत.

दुसरा मालमत्तेचा, आणि इथे मुंबई-पुण्याचे सल्ले गोव्यात चालत नाहीत. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून आलेला समान नागरी कायदा आहे, वारसाहक्काचा भाग आता 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात आहे. त्यानुसार मुलं असलेल्या माणसाला आपल्या मालमत्तेच्या अर्ध्याच भागाचं मृत्युपत्र करता येतं. उरलेला अर्धा मुलांचा, समान. लग्नात वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक असते, प्रत्येकाची निम्मी. आकड्यांत बघू. दोघांची मिळून एक कोटीची मालमत्ता, दोन मुलं, त्यातलं एक दिव्यांग. प्रत्येक पालकाचे पन्नास लाख, त्यातले पंचवीस मृत्युपत्राने देता येतात. दोघांनीही आपला तो हिस्सा दिव्यांग मुलाला दिला तर पन्नास लाख त्याला, आणि उरलेल्या पन्नासातले पंचवीस वारस म्हणून, एकूण पंचाहत्तर. सगळंच त्याला देता येणार नाही आणि त्याला पूर्ण वगळून भावाच्या नावावर करणंही सहजासहजी शक्य नाही. त्या दुसऱ्या अर्थाने हा कायदा दिव्यांग मुलाची ढाल आहे. गोव्याबाहेर भारतात फ्लॅट असेल तरी गोंयकाराच्या वारसाला हाच कायदा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं आहे. मृत्युपत्र करताना गोव्याचा कायदा जाणणारा वकील घ्या आणि पालकत्वाचा कागद त्याच्यासमोर ठेवा. एकाशिवाय दुसरा अपुरा.

देणाऱ्यांसाठी

वाढदिवसाला विशेष शाळेत केक नेणं वाईट नाही. पण काही आठवड्यांत चौथा केक आला की त्या दिवसाची थेरपी बुडते, असं शिक्षिका खाजगीत सांगतात. मदत करायचीच असेल तर संस्थेला विचारा: कुठलं मानधन या वर्षी कोणी उचललेलं नाही? उत्तर बहुधा स्पीच थेरपिस्ट किंवा गाडीचा चालक असं येईल. तो खर्च वर्षभर दरमहा थोडा थोडा उचलणं, हे एकदाच मोठी रक्कम देऊन फोटो काढण्यापेक्षा कामाचं, कारण मानधन बंद पडलं की थेरपिस्ट जातो आणि मुलाला नव्या माणसाशी ओळख करायला पुन्हा महिने लागतात.

करसवलत हवी असेल तर संस्थेकडे 80जी ची मान्यता आहे का बघा, आणि 2,000 रुपयांवरची देणगी रोख देऊ नका, तिच्यावर वजावट मिळत नाही. मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कारखान्यात नोकरीला असाल तर तिथल्या अधिकाऱ्याच्या कानावर संस्थेचं नाव घालणं हीसुद्धा देणगीच.

विदेशात असलेल्या गोंयकारांनी एक गोष्ट समजून घ्यावी. भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणाऱ्याने बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी धरले जात नाहीत. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला भाऊ लंडनहून पैसे पाठवेल तर कायद्याने तो परकीय नागरिक, मग त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड असो वा त्याचं घर हळदोण्यात असो. परदेशी योगदानाच्या 2010 च्या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या छोट्या संस्थेने ते पैसे घेतले तर ती अडचणीत येते. पैसे पाठवण्याआधी संस्थेला तसं विचारून घ्यावं, आणि तिने नाही म्हटलं तर रागावू नये.

संस्था बघायला जाल तेव्हा चकचकीत भिंतींपेक्षा दोन गोष्टी बघा. पालकांना थेरपीच्या खोलीत बसू देतात का, की दार लावून बाहेर ठेवतात? जिथे आईला आत घेऊन "आता तुम्ही करून दाखवा" म्हणतात, तिथलं शिक्षण घरी पोचतं. शिवाय उघडं दार ही मुलाच्या सुरक्षिततेचीही खात्री असते. दुसरं, "पूर्ण बरा करून देतो" असं कोणी म्हणालं तर उठून या. स्वमग्नतेवर स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये घेतले गेले आहेत. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने या उपचाराची स्वमग्नतेसाठी शिफारस करता येत नाही असं स्पष्ट केलं. जमीन विकून असले उपचार करण्याचा विचार घरात चालला असेल, तर त्याच पैशांत पर्वरीला किंवा ढवळीला जायची गाडी किती वर्षं चालेल याचा हिशेब आधी मांडून बघा.